उरलेले पुडिंग

आदरणीय फुमिए ताई,

विनम्र नमस्कार. थंडी पडली; तुम्ही वळचणीला मुळे वाळत टाकले असतील. माझी प्रकृती उत्तम असून शाळेतील शिक्षकाची उमेदवारी नीट चालू आहे.

येथे दुपारचे जेवण मुलेच एकमेकांना वाढतात. काल एक पुडिंग उरले. माझ्या वर्गातील रिनोला आई नाही, म्हणून मी ते तिला दिले. लगेच गलका उठला, "गुरुजी, चिटिंग! उरलेल्यासाठी दगड-कागद-कात्री खेळायची असते!"

रिनोनेच पुडिंग परत ठेवले. "फुकटचं नको मला. जिंकून घेईन! तुम्ही पण या खेळायला, तोंड किती पाडून बसलाय!"

मी जिंकलो. सर्वांसमोर मलाच ते खावे लागले. माझी सायोको गेल्यापासून मी प्रथमच मोठ्याने हसलो.

तुमच्याकडे ठेवलेल्या आमच्या लेकीला, चिनात्सुला, तुम्ही रोज माशाचा मोठा तुकडा वाढता, असे तिने कळवले आहे. यापुढे तिला तुमच्या मुलांइतकेच वाढावे, ही विनंती. मोठ्या तुकड्यासाठी सर्व मुलांनी मिळून खेळावे. ती आईप्रमाणेच नेहमी आधी कात्री काढते. हे मात्र तिच्या भावंडांना सांगू नये. एवढ्या पक्षपाताची मला क्षमा असावी.

आपला आज्ञाधारक धाकटा भाऊ,
सेइइची