गाळाच्या वावरातले मुळे

सातारा,
४ नोव्हेंबर २०२४

ती. राहीआत्यास,
संयोगिताचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला फोनवर एक वाक्य धड पुरं करता येत नाही, तेव्हा पत्रच बरं. बाबांची पलटण सारखी हलायची, म्हणून माझी पहिली शाळा कुंडलला तुझ्या स्वयंपाकघरात भरली. अक्षर बिघडलं असेल तर तू रागावणार, या भीतीने हे पत्र दुसऱ्यांदा लिहिते आहे.

शहराच्या सांडपाणी केंद्रातला वाळवलेला गाळ उसाच्या रानात टाकायला पहिली सही तू केलीस. तुझी सही पाहून आणखी बाराजण तयार झाले. हे काम केंद्र चालवणाऱ्या आमच्या कंपनीने माझ्याकडे दिलं आहे आणि मी अजून तात्पुरती आहे. फेब्रुवारीत कायम करतील, म्हणजे हातून काही चुकलं नाही तर. म्हणून तर तुझ्या विहिरीपासूनचं अंतर मी तीनदा मोजलं. तिसऱ्यांदा मोजताना बांधावरून घसरले, ते शेजारच्या लालासाहेबांनी नेमकं पाहिलं. पोरगी रान मोजतीया का रानात लोळतीया, असं ते तुला विचारत होते. तुला ऐकू आलं नसेल, मला आलं.

सोबत अर्जाची नक्कल. उतार, विहीर, ओढा, मातीची तपासणी, सगळं भरलं आहे. पीक कोणतं, तर तू ऊस म्हणालीस आणि मी ऊस लिहिलं. पुढे भाज्यांचं एक पान होतं, त्यावर आडवी रेघ मारून तुझा वेळ वाचवला. आयुष्यात पहिल्यांदाच मी कुणाचा वेळ वाचवला असेन.

गुडघ्याला जप. लोभ आहेच, तो थोडा वाढव.

तुझी,
संयू


कुंडल,
५ जानेवारी २०२५

चि. संयूस अनेक आशीर्वाद.

पत्राला उत्तर द्याया दोन म्हयने लागले, ऊस लावायची गडबड हुती. गाळ पसरला तवा लालासाहेब रोज बांधावर येऊन नाकाला टावेल लावून हुबा ऱ्हायचा. म्हनायचा, राहीबाईनं शहराचा संडास इकत घेतला. मी म्हनलं, इकत न्हाई, फुकट घेतलाय. आता ऊस असा काळाभोर फुटलाय की त्येचा टावेल गळ्यातच ऱ्हायलाय.

गल्लीतला रविराज साताऱ्याला येतोय, त्येच्यासंगं पिशवी धाडलीया. मेथी हाय, कोथिंबीर हाय, आन् मुळं बघ कसं मनगटाएवढं झाल्यात. सगळं तुझ्या गाळाच्या वावरातलं, उसाच्या सरीत टोकलेलं. चौदा घरी वाटलं. लालासाहेबाच्या घरी सगळ्यात मोठा मुळा दिला, मुद्दाम.

लय बारीक झालीस. खाऊन घे. मुळा मिठासंगं कच्चाच खा, तुला आवडतोय.

तुझी आत्या


सातारा,
७ जानेवारी २०२५

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

रविराजदादाला लगेच फोन करून निरोप दिला आहे. गडबडीत त्याने फक्त मुळे खाऊ नका एवढंच सांगितलं असेल, म्हणून कारण लिहिते.

मी मुळा आधी खाल्ला आणि पत्र नंतर वाचलं. एक नाही, दोन खाल्ले, उभ्या उभ्या, मीठ लावून. ऑफिसात डबा उघडण्याआधी दोनदा हात धुणारी मी! तुझं ‘गाळाच्या वावरातलं’ वाचलं तेव्हा तिसरा हातात होता.

आत्या, त्या गाळात रोगाचे जंतू राहू शकतात. उसाला चालतं, कारण ऊस कारखान्यात जातो. पण कच्ची खायची भाजी त्या रानात वर्षभर घ्यायची नाही, अशी अट आहे. ती त्याच पानावर होती, ज्यावर मी रेघ मारली. तुझा काहीच दोष नाही. उसाच्या सरीतली मेथी-कोथिंबीर खाऊनच मी मोठी झाले. आपल्याकडे उसात भाजी नाही असं एकही रान मी पाहिलेलं नाही. तरीही शहाण्यासारखं ऊस लिहून पुढे गेले.

विनोदिनी मॅडमना, म्हणजे आमच्या वरिष्ठांना, सांगितलं. त्या म्हणाल्या की कागदावर ऊस आहे, रानात ऊस आहे, मग तू काय खोटं लिहिलंयस? फेब्रुवारीपर्यंत गप्प बस, असंही म्हणाल्या. मला काल झोप लागली नाही. पोटात दुखतंय, पण ते मुळ्याने की भीतीने, हे कळायला मार्ग नाही.

चूक नोंदवली तर तुझं नाव त्यात येईल. तुला विचारल्याशिवाय लिहीत नाही. पण भाजी कुणी खाऊ नये, आणि कुणाचं पोट बिघडलं तर त्याने दवाखाना गाठावा, एवढं चौदा घरांत आजच कळव.

संयू


कुंडल,
१० जानेवारी २०२५

चि. संयूस आशीर्वाद.

रविराजनं निरोप दिला तो चौकात हुबा ऱ्हाऊन, मला ऐकू यावा म्हनून वरडून. म्हंजी चौदा घरास्नीच न्हाई, सगळ्या गावाला कळला. कारण त्येला म्हाईत नव्हतं, म्हनून ज्येनं त्येनं आपापलं कारण काढलं. कोन म्हनालं मुळ्यात साप निघाला. कुनाचं पोट दुखलेलं न्हाई, घरोघर जाऊन बघून आले.

भाजी सगळी उपटून खड्डा काढून पुरली. सरी उघडी पडली तवा वाईट वाटलं, ते ऱ्हाऊ दे.

आता माझं ऐक. तू लिहू नकोस. भाजी गेली, इषय संपला. माझी सही बघून बाराजणांनी सह्या केल्या. त्यास्नी कळलं तर लालासाहेब पारावर बसून सांगंल, राहीबाईनं गावाला गू खाऊ घातला. तीस वर्सं एकटीनं रान करून नाव कमावलंय मी, कुनाचं हातउसनं आनलेलं न्हाई. आन् तुझी नोकरी? पीक म्हनून मला इचारलं तवा मीच ऊस म्हनले. भाजी काय पीक असतंय व्हय? त्येची कवा उसासारखी पैशाची पट्टी येतीया, का सोसायटीत नोंद हुतीया? ती आपली बायकांची.

गप ऱ्हा. आत्याचं एवढं ऐक.

राहीबाई


सातारा,
१४ जानेवारी २०२५

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि. नमस्कार घेणार नसशील तर नुसतं पत्र घे.

मी लिहिलं.

तुला विचारते म्हणाले, विचारलं, आणि तू नको म्हणालीस तरी लिहिलं. मग विचारलं कशाला, असं तू म्हणशील. तीन दिवस मीही स्वतःला तेच विचारते आहे. तुझ्या पत्रातलं ‘ती आपली बायकांची’ वाचलं आणि माझ्या लक्षात आलं की बाकी बारा रानांतही हेच असणार. तिथेही मी पीक विचारलं, त्यांनी ऊस सांगितलं आणि मी रेघ मारली. रेघ सरळ यावी म्हणून पट्टीसुद्धा वापरली होती.

अहवालात लिहिलंय की शेतकऱ्याने माहिती लपवलेली नाही, भाज्यांबद्दल मी विचारलंच नाही. मॅडमनी तो दोनदा वाचला. म्हणाल्या की तू फार कष्टाने स्वतःचं नुकसान करून घेतेस, आणि पुढे पाठवला. बाराही रानांची पुन्हा पाहणी करायचा हुकूम आला आहे. मला आणखी सहा महिने तात्पुरतं ठेवलं आहे. घालवलं नाही, ते बहुतेक बारा रानं पुन्हा फिरायला दुसरं कुणी तयार नव्हतं म्हणून.

रविवारी येते. चौदा घरी मी जाऊन सांगेन. तू यायला नको. माझ्याशी बोलली नाहीस तरी चालेल, पण जेवायला वाढ.

रागासकट लोभ असू दे.

संयू


कुंडल,
२ फेब्रुवारी २०२५

चि. संयूस आशीर्वाद.

त्या रविवारी तुझ्याशी बोलले न्हाई, जेवाय वाढलं तेबी ताट आपटून. पन तू घराबाहेर पडलीस आन् माझं पाय काय घरात थांबंनात, म्हनून मागनं आले. पहिल्या दारात तू तोंड उघडलंस आन् रडाय लागलीस. मग कुनीतरी सांगाय पायजे, म्हनून मी सांगितलं. पुढच्या तेरा घरी बी मीच सांगितलं. तू नुसती हात जोडून हुबी. साळूबाई म्हनाली, तिला दात न्हाईत, तिनं मुळा शिजवून खाल्ला. तर तू तिच्याच गळ्यात पडलीस. म्हातारी घाबरली, आपल्यालाच काय झालंय का म्हनून.

लालासाहेब जे बोलनार म्हनून मी लिहिलं हुतं, अक्षर न् अक्षर तेच बोलला, तेबी पारावर. आठ दिवस मी दळनाला बी गेले न्हाई. तुझ्यावर लय राग हुता. नोकरी लांबली त्येचा बी, आन् माझं न ऐकल्याचा बी.

काल रंगुबाई आली. तिच्या रानात गाळ पडलाय, त्या बारांतलंच ते रान. तिचा नवरा म्हनाला, कशाला इचारतीस, लावून टाक. तर ती त्येला न सांगता मागल्या दारानं माझ्याकडं आली. तिला उसाच्या कडंनं मिरची लावायची हाय. तिनं इचारलंय, मिरची कच्च्या भाजीत धरायची का शिजवायच्या भाजीत? आमटीत पडली तर शिजली, पन भाकरीसंगं खाल्ली तर कच्ची. मी म्हनले, मला ठावं न्हाई, माझ्या भाचीला इचारून सांगते.

साहेबास्नी इचार, पुस्तकात बघ, काय करायचं ते कर. पन खरं ते लिही आन् बिगी बिगी लिही. रंगुबाई रोप घेऊन थांबलीया.

तुझी आत्या