सासूबाईंचा रुसवा

दि. ९ मार्च

ती. आईस,
सा. न. वि. वि.

घाबरू नकोस, पण काल सासूबाईंना विजेचा धक्का बसला. एक हात वॉशिंग मशीनवर, दुसरा नळावर. मी मेन स्विच बंद केला तेव्हा त्या जमिनीवर होत्या. हाका मारल्या, गदागदा हलवलं, पण शुद्ध नव्हती. मिनिटभरानं डोळे उघडले आणि मलाच विचारलं, की अशी रडतेस का!

दवाखान्यात ईसीजी चांगला आला. बेशुद्ध झाला नसाल तर घरी जा, असं डॉक्टर म्हणाले. आज सासूबाईंच्या शिवणवर्गाचं प्रदर्शन, ते त्यांना चुकवायचं नव्हतं. त्यांनी साफ सांगून टाकलं, की शुद्ध गेलीच नाही, नुसता पाय घसरला. वर मला डोळ्यांनी दटावलं. तरी मी खरं ते सांगितलं. मग डॉक्टरांनी त्यांना ठेवूनच घेतलं. अशा धक्क्यानंतर हृदयाचा ठोका मागाहूनही बिघडू शकतो, म्हणून छातीला तारा लावून मॉनिटरवर नजर ठेवलीय.

तेव्हापासून माझ्याशी अबोला. हेही बाहेरगावी. चुकलं का गं माझं?

तुझी,
धाकटी


दि. ११ मार्च

चि. सौ. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

काही चुकलं नाही. रुसलेलं माणूस आज ना उद्या बोलतं. त्यांच्या उशापासून हलू नकोस, आणि स्वतः चार घास खा. जावईबापू आले की आधी मशीनचं अर्थिंग तपासून घ्यायला सांग. तोवर कपडे हातानं धू, झिजणार नाहीस.

तुझ्या काळजीत,
आई


दि. १४ मार्च

प्रिय विहीणबाई,
स. न. वि. वि.

लेकीनं कळवलं असेलच, तरी माझ्या हातानं लिहिते. दहा तारखेला दुपारी नर्सबाईंना तिच्याबद्दलच गाऱ्हाणं सांगत होते, तोच छातीत पाखरू फडफडल्यासारखं झालं आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. मॉनिटर किंचाळला म्हणे. हृदय नुसतंच थरथरत होतं, रक्त पुढे जात नव्हतं. डॉक्टरांनी छातीवर शॉक देऊन ठोका ठिकाणावर आणला. काट्यानं काटा काढला म्हणायचा! मी घरी असते तर हे पत्र लिहायला उरले नसते, असं त्यांनी तोंडावर सांगितलं.

आता ठोका नीट आहे. आणखी दोन-चार दिवस इथंच. प्रदर्शन माझ्यावाचून छान पार पडलं, याचा थोडा राग आहे.

काल मात्र मी कंटाळून त्या तारा काढल्या आणि खिडकीकडे निघाले. तुमची लेक दारातून धावत आली आणि केवढ्यांदा ओरडली. एरवी मला ‘अहो आई’ म्हणते. काल तिच्या तोंडून निघालं, की अगं आई, मरायचंय का तुला? तिच्या लक्षातही आलं नाही. मी गुपचूप पलंगावर येऊन बसले. आठवण करून देणार नाही. तुम्हीही देऊ नका.

तुमच्या हक्कात वाटेकरीण झाले आहे, तरी माया पातळ होऊ देऊ नये, ही विनंती.

तुमची,
विहीण