घोडा कोणाचा

बाई, तुम्हाला जाऊन वीस वर्षं होत आली आणि आज तुमची गरज पडली ती मुलीच्या गृहपाठापायी. ती सातवीत आहे. जुन्या युरोपातल्या कुठल्याही एका नाइटची गोष्ट घ्यायची, त्याचं वागणं नाइट लोकांच्या नियमांशी ताडून पाहायचं आणि निकाल द्यायचा, असा गृहपाठ. "आई, डू यू नो एनी नाइट?" तिनं विचारलं. मी पोळ्या लाटत होते. म्हटलं, एक माहीत आहे, रत्नागिरीतल्या आमच्या बाईंचा.

तो तुम्ही स्वतः रचला होता की कुठे वाचला होता, देव जाणे. नववीचा वर्ग. तुम्ही फळ्यावर नियम लिहिता आहात: दुबळ्यांचं रक्षण करावं, दिलेला शब्द पाळावा, मालकाशी इमान राखावं. मग गोष्ट. गावावर शत्रू चालून येतो. नाइट गावकऱ्यांना शब्द देतो की किल्ल्याचं दार तुमच्यासाठी उघडं ठेवीन. ऐन वेळी त्याचा मालक दार लावायला सांगतो आणि तो लावतो. गावकरी बाहेर राहतात. आता न्याय करा, तुम्ही म्हणालात. मी दोन पानं भरून त्याला सोलून काढला. 'या शिलेदाराने शब्द मोडला, हा नाइट म्हणवून घ्यायला नालायक', असं ठणकावून लिहिलं. त्या वयात न्याय करायला फार आवडतं. तुम्ही दहापैकी चार दिलेत आणि समासात लाल शाईनं लिहिलंत, 'शिलेदार की बारगीर? घोडा कोणाचा?' वर सगळ्या वर्गासमोर उभं केलंत. "शिलेदाराचा घोडा स्वतःचा असतो. बारगिराला तो मालक देतो. याचा घोडा मालकाचा होता, हे मी सांगितलं तेव्हा तुझं लक्ष खिडकीबाहेर होतं. दुसऱ्याच्या घोड्यावर बसलेल्या माणसाचा न्याय करताना आधी तेवढं बघावं." मी रडले नाही, पण आठवडाभर तुमच्याशी अबोला धरला. तुमच्या ते लक्षातही आलं नसेल.

मी आता अबुधाबीत असते, अल रीम आयलंडवर, एकविसाव्या मजल्यावर. फ्लॅट कंपनीचा, गाडी कंपनीची, व्हिसा कंपनीचा, मुलीची फीसुद्धा कंपनी भरते. नवऱ्याशी फारकत झाल्यापासून घरात आम्ही दोघीच, आणि मुलगी मराठीला इंग्रजीत उत्तर देते. ऑफिसात एक माणूस होता, राजापूरचा, साइटवरची सुरक्षा बघायचा. मला ताई म्हणायचा. सुट्टीवरून येताना त्याच्या अम्मीनं वाळवलेली आमसुलं आणायचा. दुपारी आम्ही एकत्र जेवायचो. दिवसभरात माझ्या तोंडी मराठी यायची ती तेवढ्या अर्ध्या तासात. गेल्या उन्हाळ्यात आमच्या साइटवर मजुरांना भर उन्हात, दुपारच्या कायद्यानं सक्तीच्या विश्रांतीतही कामाला लावत होते. त्यानं मला विचारलं, "ताई, वरती मेल टाकू का? नोकरीवर येईल." मी म्हटलं, "तुम्ही टाका. मीटिंगमध्ये मी तुमच्या बाजूनं बोलेन." अगदी ह्याच शब्दांत, बाई. शब्द दिला.

त्यानं मेल टाकला. मीटिंगमध्ये मॅनेजरनं विचारलं, ह्या तक्रारीला दुजोरा देणारं दुसरं कोणी आहे का? राजापूरच्या त्या माणसानं माझ्याकडे एकदाच पाहिलं. मी मिठाची गुळणी धरून बसले, समोरचे कागद सारखे करत राहिले. "यल्ला, नेक्स्ट पॉइंट," मॅनेजर म्हणाला. महिन्याभरात त्या राजापूरच्या माणसाचा व्हिसा रद्द झाला. शेवटच्या दिवशी पार्किंगमध्ये तोच मला समजावतो आहे. "टेन्शन घेऊ नका ताई, विषय खलास. तुमचं घर कंपनीचं, पोरीची शाळा कंपनीची. माझं काय, गावी होईल काहीतरी, इन्शाल्ला." मी मान हलवली. सॉरीसुद्धा म्हटलं नाही. तेव्हापासून मी माझ्या टेबलावर एकटीच जेवते. त्याची आमसुलं अजून डब्यात आहेत. डबा उघडते आणि परत लावून टाकते.

त्या दिवसांत तुमची लाल शाई मला फार उपयोगी पडली. बारगीर आहे मी, घोडा माझा नाही, असं मनाशी म्हणायचे आणि त्यावर झोप यायची. आज मुलीलाही गोष्ट सांगून तेच ऐकवलं. म्हटलं, लगेच दोषी ठरवू नकोस, घोडा त्याचा नव्हता. तिनं पेन्सिल थांबवली. "सो? देन ही शुड हॅव जस्ट गॉट डाउन, ना?" इतकं बोलून ती लिहायला लागली. खाली उतरायचं. बाई, इतक्या वर्षांत हे मला सुचलं नाही. तुम्ही घोडा कोणाचा एवढंच विचारलं होतंत, त्या नाइटला निर्दोष सोडून द्या असं कुठे म्हणाला होतात? मिळालेल्या चार गुणांचा अर्थसुद्धा मी माझ्या सोयीचा लावला.

तव्यावरची पोळी करपली. मुलगी आत निघून गेली आणि मी हा कागद घेऊन बसले. आता एक कबूल करते. तुम्ही उत्तर देणार नाही, म्हणून तुम्हाला लिहिलं. जो उत्तर देईल त्याचा राजापूरचा नंबर माझ्या फोनमध्ये आहे, आणि आज संध्याकाळपासून दोनदा मी तो काढून परत ठेवून दिला आहे.