चौदा किलोंची कबुली

ती. ताईस,

धाकट्याचा नमस्कार. साष्टांगच लिहिणार होतो, पण त्यात आठ अंगं जमिनीला टेकावी लागतात आणि सध्या माझं पोट आधी टेकतं व ती आठही अंगं हवेत राहतात (असं का, ते पुढे येईलच), म्हणून नुसत्या नमस्कारावर भागवून घे. तुझे गुडघे कसे आहेत? सूज उतरली का? त्या दिवशी वर्गात चक्कर आली तशी पुन्हा आली नाही ना? भाऊजी ठणठणीत असणारच. त्यांना काही होत नाही, त्यांच्यामुळे इतरांना होतं. आमच्याकडे तुझी भावजय खुशाल आहे, शिलाई मशीन खुशाल आहे, दुकानात काम भरपूर आहे.

फोन सोडून पत्र का, असं तू म्हणशील. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, आणि दिलंसच तर मी खोटं बोलतो. गेलं वर्षभर बोलतोय. मी चौदा किलो उतरलो ते पहाटे पाचला उठून नाही, चाळीस मिनिटं झपाझप चालून नाही आणि दोन घास कमी खाऊन तर नाहीच नाही. इंजेक्शनं घेऊन उतरलो. लिहिलं एकदाचं. आता हात थोडा हलका झाला, म्हणून सविस्तर सांगतो.

माझी साखर वाढली होती हे तुला ठाऊकच आहे. डॉक्टरीणबाईंनी मला तपासलं, माझं वजन दोनदा केलं (पहिल्यांदा काटा बिघडलाय असं त्यांना वाटलं) आणि आठवड्यातून एकदा पोटात टोचून घ्यायचं, पेनासारखं दिसणारं इंजेक्शन लिहून दिलं. आता बघ, तीस वर्षं सुईवर पोट भरणारा माणूस मी. बोटात सुई गेली तर तोंडातला दोरा न काढता पुढचा टाका घालतो. पण तीच सुई आपल्या हातानं आपल्या पोटात घालायची म्हटल्यावर मी पलंगाच्या कडेला अर्धा तास बसून होतो. शेवटी तुझी भावजय आली, तिनं पेन घेतलं, टोचलं आणि भाजी परतायला निघून गेली. तिनं त्या इंजेक्शनाबद्दल कधी कुणाला शब्दानं सांगितलं नाही. पण माझं खोटंही तिनं कधी उचलून धरलं नाही, हे आज लिहिताना लक्षात येतंय.

पहिले दोन महिने पोटात नुसती ढवळाढवळ. एका बँकेच्या साहेबांच्या कोटाला टाचण्या लावत होतो, एक बाही लागली होती, दुसरी हातात होती आणि मला असं काही मळमळून आलं की त्यांना तसंच आरशासमोर उभं करून मी मोरीकडे पळालो. वीस मिनिटांनी परत आलो तरी साहेब हात आडवा धरून उभे, कारण हलले की टोचत होतं. पुढे ढवळणं थांबलं आणि भूकच गेली. डबा उघडायचो आणि परक्याच्या घरचा फोटो बघावा तसा बघायचो. तो डबा मग काज-बटणं करणाऱ्या मावशींकडे जाऊ लागला. सहा महिन्यांत माझे शर्ट बगलांत आत घेतले आणि मावशींचे ब्लाउज उसवून सैल केले. माझं उतरलेलं वजन जातं कुठे, याचा पत्ता निदान मला तरी लागला.

आणि मग तुझा फोन आला. एका लग्नातले माझे फोटो बघून तू विचारलंस, काय केलंस रे एवढं? पेनाची रिकामी खोकी माझ्या हातातच होती ताई. मला खरं सांगता आलं असतं. औषध डॉक्टरनं दिलेलं, साखर उतरलेली, त्यात लाजण्यासारखं काय होतं? पण मला ते कॉपी करून पास झाल्यासारखं वाटलं. लहानपणापासून घरात दोघंच गुबगुबीत, त्यात अभ्यासात तू पुढे, गाण्यात तू पुढे, पळण्यातसुद्धा तू पुढे (फार नाही, पण पुढे). एक गोष्ट तरी तुझ्याआधी जिद्दीनं जमली असं वाटून घ्यायचा मोह झाला. म्हणालो, काही नाही गं, सकाळी चालतो आणि जेवण निम्मं केलंय. तू इतकी खूश झालीस की मला ते मागे घेता येईना.

एका खोट्याला दहा खोट्यांचे टेकू लागतात म्हणतात, माझ्या खोट्याला वेळापत्रक लागलं. तू ते लिहून मागितलंस आणि मी लिहिलं. पहाटे पाचला उठणे, कोमट पाणी, चाळीस मिनिटं चालणे, दुपारी उकडलेलं, सूर्यास्तानंतर काही नाही. इतक्या ठाशीव अक्षरात मी गिऱ्हाइकांची मापंसुद्धा लिहीत नाही. तू ते स्वयंपाकघरात कपाटाच्या दारावर चिकटवलंस. भाऊजी, ज्यांनी वीस वर्षं मला ‘आमचा जाडा मेहुणा’ म्हणून ओळख करून दिली, ते मला फोनवर ‘काय गुरुजी’ म्हणायला लागले. खोटं कशाला बोलू (आता तरी), मला ते फार आवडलं. त्या एका शब्दासाठी मी गप्प राहिलो.

पुढची फजिती ऐक. दहा महिन्यांनी मला वाटलं, मोहीम फत्ते झाली. डॉक्टरीणबाईंना न विचारता इंजेक्शन बंद केलं. तेवढ्यावर थांबलो असतो तर निभावलं असतं, पण मी माझ्या सहाही पँट आत घेतल्या आणि शिवणीच्या आत जे जादा कापड ठेवतो ते कात्रीनं कापून टाकलं. कुठल्याही गिऱ्हाइकाच्या कपड्याला मी असं करणार नाही. माणूस सुटणारच, हे आमच्या धंद्यातलं पहिलं शिक्षण. मी मात्र स्वतःला अपवाद धरलं. महिन्याभरात भूक परत आली आणि ती एकटी आली नाही, सगळा गोतावळा घेऊन आली. चौदातले नऊ किलो परत आले. आता सहाही पँटना मागे दुसऱ्या कापडाच्या पट्ट्या घातल्यात आणि वर मी ढगळ शर्ट सोडतो. गिऱ्हाइकाकडे पाठ करत नाही. मावशींना सगळं दिसतं, पण इतके महिने माझा डबा खाल्ला असल्यामुळे बोलत नाहीत.

परवा शेवटी डॉक्टरीणबाईंकडे गेलो. इंजेक्शन घेतल्याबद्दल त्या काहीच बोलल्या नाहीत, न विचारता सोडल्याबद्दल मात्र चांगलीच हजेरी घेतली. मग विचारलं, चालता किती? मी म्हटलं, घरापासून दुकानापर्यंत. त्यांनी अंतर विचारलं. मी म्हटलं, एक जिना. (वर घर, खाली दुकान, तुला माहीतच आहे.) त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, औषध भुकेला आवर घालतं, तुमचे पाय ते उचलत नाही. कुणाला ते वर्षानुवर्षं घ्यावं लागतं, चष्म्यासारखं. कुणाचं हळूहळू कमी करता येतं. पण काहीही असलं तरी खाणं आणि चालणं सांभाळावंच लागतं, आणि काय करायचं ते आपण मिळून ठरवू, तुम्ही एकट्यानं नाही. एवढी साधी गोष्ट होती. दीड वर्षापूर्वीही त्यांनी हीच सांगितली होती, मी ऐकली नव्हती.

पण हे पत्र त्यासाठी नाही. गेल्या आठवड्यात तू फोन केलास. आठ महिने रोज पाचला उठलीस, सुजल्या गुडघ्यांनी चाललीस, उकडलेलं खाऊन शाळेत दिवसभर उभी राहिलीस, आणि अडीच किलो उतरले. चक्कर येऊन मुलांसमोर खाली बसलीस तेही तू हसत सांगितलंस. आणि मग म्हणालीस, “तुझ्यात जिद्द आहे रे, माझ्यातच नाही.” माझ्या गळ्यात टेप होता. मी तो हातात धरून ठेवला आणि म्हणालो, “हळूहळू होईल गं.”

ताई, वर्षभरातल्या सगळ्या खोट्यांपैकी हे एक मला गिळता येत नाही. तू स्वतःला नावं ठेवत होतीस आणि मी धीर देत होतो. मला माफ कर असंही म्हणवत नाही, कारण तू लगेच करशील. जिद्दीनं उतरलेले किलो आपल्या दोघांत फक्त तुझे आहेत. ते वेळापत्रक आजच फाडून टाक. ज्यानं लिहिलं तो त्या वेळी घोरत असतो. गुडघे आणि चक्कर डॉक्टरांना दाखव, पोटभर जेव आणि चालायचं किती ते त्यांना विचार. औषध लागेल असं ते म्हणाले तर माझ्यासारखी लाजू नकोस. नको म्हणाले तर माझ्याकडे बघून हट्ट धरू नकोस.

तुझा,
(रुंदी सोडून सर्व बाबतींत) धाकटा भाऊ

ता. क. माझी पत्रं तू जेवायच्या टेबलावर सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवतेस. हे तेवढं दाखवू नकोस. भाऊजींनी विचारलंच तर नमस्कार आणि खुशाली वाचून घडी कर.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवायला तुझ्या भावजयीकडे दिलं होतं. तिनं वरचा ता. क. वाचला, पाकीट न चिकटवता माझ्यासमोर ठेवलं आणि गेली. मी पुन्हा लिहायला घेतलं. भाऊजी तुला दुसऱ्यांदा वाढून घेऊ देत नाहीत, ताट सरकवतात आणि म्हणतात, भावाकडे बघ जरा. हे तू मला सांगितलं नाहीस, भाचीनं सांगितलं. तेव्हा आता एकच मागतो. हे पत्र टेबलावरच वाच, ते समोर असताना, पहिल्या ओळीपासून, काही न गाळता. ते हसतील, मला ठाऊक आहे. हसू देत. आणि ते हसत असताना तू निवांत वाढून घे.