मनमोकळ्या गप्पा : साडेआठ ते नऊ

१० मे, सकाळी ६:१०
आठ महिन्यांनी ही हो म्हणाली. घरी यायला नाही, तीन दिवस समुद्रावर यायला. तेही लेकीने हट्ट धरला म्हणून. पण हो म्हणजे हो. तिचा भाऊ तरी तिला किती दिवस ठेवून घेणार? येताना दोघी भावाकडून परस्पर येतील. परतीची तिकिटं मात्र मी तिघांची काढलीत, थेट आपल्या घरची. संकल्प : जुनं उगाळायचं नाही, आवाज चढवायचा नाही.
वेळापत्रक टाइप केलं. बावीस वर्षं बस डेपोत टाइमकीपर आहे, तीन दिवस म्हणजे किस झाड की पत्ती.

११ मे
पोचलो. ही आणि लेक एका खोलीत, मी शेजारच्या. माझ्या घोरण्यामुळेच असणार.
वेळापत्रकाच्या प्रती वाटल्या. लेक म्हणाली, बाबा, शिंपले वेचायला अकराच मिनिटं? बारा केली. माणसानं लवचिक असावं. ही हसली. निदान हसल्यासारखी वाटली, डोळ्यांवर ऊन होतं.
दीपगृह सहा मिनिटं आधीच उरकलं. कौतुक शून्य. गाढवाला गुळाची चव काय!

१२ मे, संध्याकाळी ६:००
जुना धक्का, मासेमारीच्या बोटी, सगळं वेळेत. ही धक्क्याच्या टोकाला बाकावर बसली. चार मिनिटं हातात होती, म्हणून मीही बसलो. लेक पलीकडे बोटी मोजत होती. ही एकदम म्हणाली की माझंही चुकलं असेल, पण त्या घरात मी भिंतींशी बोलायचे. आज मला तुमच्याशी बोलायचंय. मला ऐकायचं होतं. खरंच.
पण फेरीबोट ५:१०ची. मी प्रेमानंच सांगितलं की साडेआठ ते नऊ मनमोकळ्या गप्पा ठेवल्यात, पान दोन बघ. ती माझ्याकडे बघत राहिली. मग उठली.
बोट मिळाली! बोटीत तिनं तोंड फिरवून घेतलं होतं. बोट लागत असावी.

रात्री ९:०५
बरोबर साडेआठला दार वाजवलं. लेक म्हणाली, आई झोपली. आत दिवा चालू होता. दमली असेल बिचारी. उद्या बसमध्ये सहा तास आहेतच.

१३ मे
स्टँडवर ही दुसऱ्याच फलाटाकडे वळली. तिथून तिच्या भावाच्या गावची गाडी सुटते. मी म्हणालो, अगं, तुझं तिकीट काढलंय. ती शांतपणे म्हणाली की काल बाकावर बसले तेव्हा घरी यायचं जवळजवळ ठरलं होतं माझं. तुम्ही घड्याळ बघितलंत.
लेक बिलगली. म्हणाली, बाबा, फोन करा, कधीही करा.
दोघी गाडीत बसल्या. खिडकी उघडी होती, ही खिडकीशीच. चूक झाली, चल घरी, एवढं म्हणायला किती वेळ लागतो? गाडी नऊ मिनिटं उशिरा सुटली. ती गेल्यावर भर स्टँडवर रडलो, लोक बघत होते.
त्या नऊ मिनिटांत मी एकच वाक्य बोललो. म्हणालो, या मार्गावर उशीर नेहमीचाच.