तिसरी नळी

प्रिय दादास,

धाकटीचा नमस्कार. मी ठीक आहे. खोकलाही गेला; तुझ्याच रसाने गेला असं इथे सगळ्यांना सांगत सुटले होते.

तू तपासायला पाठवलेला डाळिंबाचा रस आमच्या प्रयोगशाळेत तपासला. जांभळ्या द्रावणात रस घालून नळी अर्धा तास अंधारात ठेवतात. रसात सत्त्व असलं की जांभळा रंग उडून पिवळा होतो. तुझा नमुना असा पिवळाधमक झाला की प्रयोगशाळेच्या मॅडम उठून बघायला आल्या. माझी कॉलर ताठ!

पण प्रयोग तीनदा करावा लागतो आणि नमुन्याची छोटी बाटली दोन वेळांतच संपली. म्हणून तिसऱ्या नळीत मला प्यायला दिलेल्या बाटलीतला रस घातला. तू दुकानात विकतोस तीच बाटली.

नळी जांभळीच राहिली. वाटलं, माझाच हात चुकला. चार वेळा करून पाहिलं. दादा, ते नुसतं रंगवलेलं साखरपाणी आहे.

तपासायला अस्सल आणि बहिणीला हे? वर रस अस्सल असल्याच्या दाखल्यावर सही माझी? ती मिळणार नाही.

आईचा अशक्तपणा कसा आहे? तिला रोज सकाळी पेलाभर रस देतोस ना? कुठल्या बाटलीतला, तेवढं उलट टपाली कळव.

तुझी,
धाकटी