काळ्या कोंबड्यांची पांढरी पिल्लं

प्रिय नाम्या,

तुझ्या तेराव्याला रडून घेतलं. आता रडायला लिव्हत न्हाई, राग आलाय म्हणून लिव्हतीया. भांडायच्या आधीच गेलास, मग कागदावर भांडते.

तू दिलेली काळी कोंबडी अंड्यांवर बसवली. पहिल्या खेपेला सगळी काळी निघाली. ह्या खेपेला दोन पिल्लं पिवळी! वाटलं, वाढली की हुतील काळी. कशाची? बगळ्यागत पांढरी झाली. बाप काळा, आई काळी, दोन्ही तूच दिलेली, आन दुसरा कोंबडा माझ्या दारात फिरकत न्हाई. मग पांढरं आलं कुटनं?

गुरांच्या डाक्टरला इचारलं. हसला मेला. "आजी, पिल्लांचा आजा पांढरा असणार. रंग एक पिढी लपून राहतो. त्याचीच पोरं एकमेकांत लागली की नातवंडात निघतो."

आजा पांढरा? आरं, आपल्या आईनं राखलेली निखळ काळी जात ती! तिनं तुला-मला सारखी वाटून दिलेली. कोंबड्यांच्या मानमोडीच्या साथीत माझी सगळी कोंबडी मेली, मी अन्न सोडलं, तवा तुझ्या घोटावड्यास्नं डालगं भरून पिल्लं घेऊन तूच आलास ना? "आक्का, आईचीच हायेत. जेव आता," म्हनलास. आन मी जेवले!

सगळ्या माले गावात आईची जात म्हणून सांगत फिरले. नवसाला निखळ काळा कोंबडा लागतो, लोक माझ्या शब्दावर नेत्यात. शेजारच्या भागीनं लेकाच्या नवसाला ह्यातलाच नेला. तिला काय तोंड दाखवू?

काल तुझ्या बायकोला, सुशीला, गाठलं. चहा बी घेतला न्हाई. म्हनली, "साथीत आमचे बी कोंबडे गेले, आक्का. एक कोंबडी उरली. ह्यांनी पोल्ट्रीतला पांढरा आणून तिच्यात सोडला, तीच पिल्लं तुमास्नी दिली. मला म्हनले, आक्काला कळलं तर हाय खाईल."

मी काय कुक्कुलं बाळ हुते? आईची जात संपली, तर दोघांनी बसून रडायचं हुतं की रं! तू एकटाच रडलास. मला खुळ्यागत हसत ठिवलंस. ह्ये मला लई लागलंय.

आता ऐक. उद्या भागीकडं जाते, खरं सांगते. दील शिव्या, खाईन. नवसाला कोंबडा ह्यापुढं माझ्या दारातनं जाणार न्हाई. पण ह्या पांढऱ्या पिल्लांच्या माना बी मुरगाळणार न्हाई. कुणी इचारलं, कुणाची जात, तर आईचं नाव घेणार न्हाई. तुझं घेईन.

तुझ्यावर चिडलेली,
आक्का